डावी पाकळी

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोपाशीसुद्धा नाही – आणि तिला तर मी शाळेत असताना चोरलेल्या पेनापासून सगळं सांगून टाकलेलं आहे. रविवारी चहाला जमणाऱ्या मित्रांनाही नाही. आज सांगायला बसलो आणि पहिलं काम काय केलं? नावं बदलली. बेटाचं नाव गाळलं, माणसांना दुसरी नावं दिली. म्हणजे कबुली द्यायला बसलेला माणूस पहिलं वाक्य लिहिण्याआधीच लपवालपवीला लागला. मी कसा आहे ते यावरून तुमच्या लक्षात यावं.

मी रत्नागिरीत रसायनशास्त्र शिकवत असे. आता निवृत्त आहे. पण जिल्ह्यात मला ओळखतात ते दुसऱ्याच उद्योगामुळे. गावोगाव, शाळांमधून, क्वचित देवळाच्या सभामंडपातही मी चमत्कार करून दाखवतो आणि मग ते कसे केले तेही सांगतो. नारळातून धूर काढतो, पाण्यानं वात पेटवतो, जिभेवर जळता कापूर ठेवतो. शेवटी म्हणतो, बघा, यात देव कुठेच नव्हता. लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन देवाला हात जोडतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. त्याशिवाय वर्तमानपत्रात लेख लिहितो – सत्कार, उद्घाटनं, कोनशिला, व्यासपीठावर शेवटच्या खुर्चीसाठी चाललेली ढकलाढकल, यांची थट्टा करणारे. हा माणूस खोटं बोलत नाही, अशी माझी ख्याती आहे. ती मी पसरवली नाही. पण कुणी माझ्यासमोर बोलून दाखवली, तर थांबवलंही नाही.

ही ख्याती लक्षात ठेवा. पुढे तिचंच काम आहे.

रत्नागिरीहून एसटीनं नाटे गावाला उतरायचं, तिथून सहाआसनी रिक्षा, मग तर, म्हणजे खाडी ओलांडणारी होडी. खाडीच्या तोंडाशी एक लहानसं बेट आहे. कुठली खाडी ते सांगत नाही. माडाची बाग, थोडी भातशेती, थोडी घरं, देवाची एक घुमटी आणि पश्चिमेला वाळूची पुळण. पुळणीच्या काठाला विजयची राहण्या-जेवण्याची जागा. ‘रिसॉर्ट’ म्हणायची पद्धत आहे, पण तिथे तो शब्द कुणी उच्चारला असता तर विजय स्वतः हसला असता. चिऱ्याच्या चार खोल्या, वर माडाच्या झापांचं छप्पर, पुढे लांब पडवी. नळाला पाणी खारट, अंघोळीचं विहिरीचं. दारावरच्या पाटीवर एक शेवंड – शहरात लॉबस्टर म्हणतात ती – रंगवलेली आहे, ती हुबेहूब विंचवासारखी दिसते. पुण्याची मंडळी ती बघून आधी दचकतात, मग तिच्याबरोबर फोटो काढतात.

विजय मुंबईत एका कचेरीच्या कँटीनमध्ये बरीच वर्षं होता. ती कँटीन बंद झाली तेव्हा बायको-मुलीला घेऊन गावी परतला आणि वडिलांच्या बागेत त्यानं हे उभं केलं. अंगानं भरपूर, हसला की पोट आधी हसायचं. स्वयंपाक त्याच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा. कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं – पदार्थ मोजून तेवढेच. वाढताना त्या बोलत नसत, पण भाकरी किती खाल्ली यावर त्यांचं लक्ष असे, आणि कमी खाल्ली तर ताट उचलताना एक नजर टाकत.

माझी खोली शेवटची. तिची खिडकी थेट समुद्रावर. मी महिन्या-दीड महिन्यानं जायचो, आठवडाभर राहायचो. तिथे कुणी मला व्याख्यानाला बोलवत नसे, कुणी गळ्यात हार घालत नसे. पडवीत वाचत बसलो की विजय नव्या पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचा, “हे आमचे सर. यांचा देव बाटलीत ऱ्हातो. बूच काढलंत की धूर.” मग स्वतःच हसायचा. मला ते फार आवडायचं. मान बाजूला ठेवून माझी थट्टा करणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत.

हे सगळं लांबण लावून का सांगतोय? कारण ती जागा मला किती हवी होती, ते तुम्हाला कळायला हवं. आणि दुसरं खरं कारण – मुद्द्यावर यायचं मी टाळतोय.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच्या आदल्या पावसात विजयच्या छातीत दुखलं होतं. त्यानं ते पित्तावर ढकललं, आलं-लिंबू घेतलं, दोन दिवस पडून राहिला. तर तेव्हा बंद होती, त्यामुळे दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं. गणपतीनंतर मुलगी प्रणाली ठाण्याहून आली आणि त्याला जवळजवळ ओढून रत्नागिरीत डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हृदयाचं दुखणं आहे, गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि जिथून दवाखान्यात तासाभरात पोचता येणार नाही अशा ठिकाणी राहायचं नाही.

बेटावरून पावसाळ्यात तासाभरात? उधाण असलं तर दिवस-दिवस होडी पाण्यात घालता येत नाही.

सुनंदावहिनींनी तेव्हापासून एकच धरलं – रत्नागिरीला जायचं. स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांच्या भावाचा एक गाळा रिकामा होता. तिथे खानावळ घालायची, वर दोन खोल्यांत राहायचं. पाऊस लागायच्या आत निघायचं. त्या कधी भांडून बोलत नसत. पण माझ्यासमोर भाकरी थापता थापता एकदा म्हणाल्या, “सर, आता परत आभाळ भरून आलं ना, की मला आधी ह्यांची छाती दिसनार.” मी मान हलवली.

विजयचं मन होईना. बाग वडिलांची. माड त्यानं स्वतः लावलेले. स्टँडच्या मागे राहून मी कुणाला हसवू, म्हणायचा. पण भीतीही होती. गोळ्यांची डबी तो शर्टाच्या खिशात ठेवी आणि बोलता बोलता वरून चाचपून बघे. मला त्यानं एकदा सरळ विचारलं, तुमचा काय सल्ला? मी काय सांगितलं ते नीट ऐका. मी म्हणालो, विजय, यात सल्ला कसला, डॉक्टरांनी सांगितलंय, जा. बाग भाड्यानं दे, पण जा.

अगदी बरोबर सल्ला होता तो. त्याबद्दल माझी स्वतःला शाबासकीही देऊन झाली होती. आणि त्याच दुपारी खिडकीशी बसून मी विचार करत होतो की भाड्यानं घेणारा कोण असेल? संगीत लावेल? शेवटची खोली पाडून दोन करेल?

विजय म्हणाला, शिमगा होऊ दे. मग देवाला विचारूया.

कोकणाबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे मोठा निर्णय घेताना देवाला कौल लावतात. गुरव, म्हणजे देवाचा पुजारी, देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालतो, म्हणजे काय विचारायचं ते देवाला मोठ्यानं सांगतो, आणि सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नाही. लग्नं यावर ठरतात, विहिरी यावर खणतात. यावर मी व्याख्यानं दिलेली आहेत. पाण्याचा पातळ थर, दगडाचा खडबडीतपणा, पाकळीचं वजन, सुकण्याचा वेग – फळ्यावर आकृती काढून.

बेटावरचा गुरव बाळा. तो सुनंदावहिनींच्या माहेरच्या नात्यातला, चुलतभाऊ लागायचा. त्यामुळे विजयच्या मनात एक पाल चुकचुकत होती. आदल्या दिवशी तो माझ्या खोलीत येऊन बसला. दार ओढून घेतलं.

“बाळा तिचा भाऊ. उजवा आला तर मला जलमभर वाटत ऱ्हाईल, बहिणीसाठी काय तरी केलान. तुमी आत उभे ऱ्हावा, सर.”

मी म्हणालो, अरे, माझा विश्वास नाही हे तुला माहीत आहे.

“म्हणूनच,” तो म्हणाला. “तुमी मानत नाय. तुमी कशाला मधी हात घालाल?”

मला हसू आलं, आणि खोटं कशाला सांगू, अभिमानही वाटला. देवाच्या निवाड्यावर नास्तिक पंच! यावर लेख किती छान होईल, असं मनात आलं. पहिलं वाक्यसुद्धा सुचलं होतं.

तो लेख मी लिहिला नाही.

सकाळी गेलो. घुमटी म्हणजे काय – चिऱ्याच्या चार भिंती, आत दोन माणसं जेमतेम मावतील एवढी जागा. छत इतकं खाली की मला मान वाकवूनच उभं राहावं लागलं. मधे काळा पाषाण, कमरेएवढा, चौथऱ्यावर बसवलेला. समई देवाच्या उजव्या अंगाला तेवत होती, त्यामुळे मला उभं राहायला जागा उरली ती डावीकडच्या कोपऱ्यात. बाळा पुढ्यात मांडी घालून बसला. विजय दारात हात जोडून उभा. त्याच्यामागे सुनंदावहिनी, त्याच्या खांद्यावरून आत बघायचा प्रयत्न करत. प्रणाली नव्हती, तिला रजा मिळाली नव्हती.

बाळानं पाषाणाला पाणी घातलं, तगरीच्या दोन पाकळ्या लावल्या. काळ्यावर पांढऱ्या. मग गाऱ्हाणं सुरू केलं. “बा देवा महाराजा, ह्ये तुजं लेकरू तुज्या पायाशी आलाय. ह्येच्या जिवाला दुकणं लागलाय. ही जागा सोडून ह्येनं शहरात जावं, असं तुज्या मनात असंल, तर उजवा दे महाराजा.” मागून दोघांचं, “व्हय महाराजा.”

आणि मग शांतता. तुम्ही कधी कौलाला उभे राहिला आहात? मी राहिलो नव्हतो. व्याख्यानं दिली होती फक्त. दोन पाकळ्यांकडे चार माणसं श्वास रोखून बघताहेत, बाहेर समुद्राचा आवाज, आणि काहीच घडत नाही. माझी मान दुखायला लागली. पण माझं लक्ष कशावर होतं सांगू? समईवर. ज्योत उजव्या पाकळीच्या अगदी जवळ होती. तिकडचा दगड गरम होत होता, तिकडचं पाणी आधी सुकणार होतं. माझ्यासारख्याला हे कळायला देवाची गरज नव्हती. उजवी पडणार. जाणार ही माणसं. आणि खरोखर, उजव्या पाकळीची कड सुटली. किंचित वळली, वर आली.

बराच वेळ झाला तसं बाळानं पुन्हा गाऱ्हाणं घातलं. त्यानं कपाळ चौथऱ्याला टेकलं. दारात विजयनं डोळे मिटले. “व्हय महाराजा” म्हणताना सगळेच मिटतात.

मी फुंकर मारली.

हे एवढंच. मी मुद्दाम, समजून, ओठांचा चंबू करून डाव्या पाकळीवर फुंकर मारली. ती माझ्या तोंडापासून वीतभरावर होती. हळूच मारली – आवाज येणार नाही, याचा अंदाज घेऊन. पाकळी सुटली, पाषाणावरून घसरली आणि चौथऱ्यावर पडली. बाळानं डोकं वर केलं. उजवी अजून कडेनं वळलेली तशीच होती.

“डावा दिलान,” बाळा म्हणाला.

मागून सुनंदावहिनींनी विचारलं, “काय? काय झालं?” त्यांना दिसलं नव्हतं. विजय बाजूला झाला तेव्हा त्या आत वाकल्या. बाळानं ती पाकळी उचलून त्यांच्या हातावर ठेवली, बहिणीकडे न बघता. त्यांनी ती डोळ्यांना लावली आणि अंबाड्यात खोचली. चेहऱ्यावर – नाही, चेहरा मी बघितलाच नाही. मी माझी चप्पल शोधत होतो.

विजय मात्र सुटल्यासारखा झाला होता. परत येताना त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. “काय सर! देव पन तुमच्यासारखाच निघाला. खोली सोडीत नाय.”

त्याला काहीच माहीत नव्हतं. तो असाच बोलायचा. पण माझे पाय वाळूत थांबले. मग मी हसलो. दुपारी वहिनींनी पिठी वाढली. मी रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्तच खाल्ली.

का केलं? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता त्याला चव राहिलेली नाही. खोलीसाठी केलं. खिडकीसाठी. निवांत आठवड्यासाठी. यापेक्षा मोठं, निदान यापेक्षा गुंतागुंतीचं काही कारण सापडलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या वेळी मी मनाला सांगितलं की पाकळीला अर्थच नाही, जिला अर्थ नाही ती ढकलण्यात पाप कसलं? जायचं तर माणसं अजूनही जाऊ शकतात, कोण अडवतंय? पण त्यांना अडवणारं काय आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. त्यावरच तर मी आकृत्या काढत असे.

आणि हे क्षणाचं नव्हतं, हेही सांगायला हवं. फुंकर क्षणाची. त्यानंतर चैत्र गेला, वैशाख गेला. मी दोनदा जाऊन राहून आलो. वहिनी पावसाची बेगमी करत होत्या. सुके बांगडे, आमसुलं, लाकूडफाटा. विजय गोळ्यांचा साठा दाखवायचा, बघा सर, दुकान काढीन एवढ्या आहेत. कुठल्याही दुपारी मी म्हणू शकलो असतो – विजय, तो कौल देवाचा नव्हता, माझा होता. तो चिडला असता, कदाचित हसला असता. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाकळ्या लावल्या असत्या. एवढं सोपं होतं. माझी तेवढी ख्याती गेली असती.

आषाढात, एका दिवशी, मला रत्नागिरीत सत्कार होता. हो – माझा. आयुष्यभर सत्कारांची टर उडवली म्हणून माझा सत्कार. आयोजकांना त्यात विसंगती दिसली नाही आणि मलाही आमंत्रण आलं तेव्हा दिसली नाही. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, वक्ते म्हणाले की असत्याशी आयुष्यात कधी तडजोड न केलेला माणूस. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. मी बघितला नाही. भाषण माझं व्हायचं होतं. मी चांगलं बोललो. लोक हसले.

फोन प्रणालीचा होता. विजयला सकाळी दुखायला लागलं. तर बंद होती, पाऊस नुसता कोसळत होता. बेटावरच्या लोकांनी होडी काढली, लाटेनं ती परत पुळणीवर आणून टाकली. पुन्हा काढली, पुन्हा तेच. दुपारी ओहोटी लागल्यावर त्याला खाटेसकट होडीत घालून नेला. पलीकडच्या धक्क्यावर अँब्युलन्स केव्हाची उभी होती. तिच्यातल्या डॉक्टरांनी उतरतानाच बघितलं आणि त्याला गाडीत घालायची घाई केली नाही.

मी शाल घडी करून पिशवीत ठेवली. तो नारळ कुठे गेला आठवत नाही.

तेराव्याला मी बेटावर गेलो. उघडीप होती. पडवीत माणसं बसली होती, पाटीवरची शेवंड पावसानं अर्धी पुसली होती. जेवणं झाल्यावर सुनंदावहिनी माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन बसल्या. मग म्हणाल्या,

“सर, तुमी देवाला मानत नाय. तुमी शिकलेले. तुमी खोटं सांगनार नाय. मला एवढंच सांगा – देव चुकतो काय?”

आता बघा. आयुष्यभर जे वाक्य मी शेकडो माणसांसमोर उभं राहून बोललो, ते या एका बाईनं मला विचारलं. उत्तर माझ्या जिभेवर होतं, नुसतं होतं असं नाही, तो माझा धंदा होता. देव नाही वहिनी, तो दगड आहे. आणि पुढचं वाक्य – फुंकर माझी होती. पहिलं वाक्य म्हटलं असतं तर दुसरं मागोमाग आलंच असतं. मला ते येताना दिसलं.

मी म्हणालो, “नाही वहिनी. देव चुकत नाही.”

त्यांनी मान डोलावली. म्हणाल्या, “मंग काय तरी असंल त्येच्या मनात.” आणि उठून भांड्यांकडे गेल्या. जाताना चालणं जरा हलकं झालं होतं त्यांचं. खरंच झालं होतं. तुम्ही कदाचित म्हणाल, दुःखातल्या बाईला आधार दिला, त्यात काय बिघडलं? माझ्याही मनात ते आलं होतं. पण त्या क्षणी मला त्यांच्या दुःखाची आठवण नव्हती. वाचलो, एवढंच वाटलं होतं. फुंकर मारताना मी त्यांना नुसतं फसवलं होतं. हे वाक्य बोलताना मी त्यांचा देव वापरला, तोसुद्धा त्याच्या पाठीमागे स्वतः लपायला.

त्या वाक्याचं पुढे काय झालं? सुनंदावहिनी बेटावरच राहिल्या. प्रणाली दर पावसाआधी येते, आईला ठाण्याला चल म्हणते, निदान मामाकडे रत्नागिरीला तरी. त्या नाही म्हणतात. देवानं ऱ्हावा म्हणून सांगितलाय, आणि देव चुकत नाय. सरांनीसुद्धा सांगितलान. माझं नाव घेऊन सांगतात. खोल्या अजून देतात, पाहुणे कमी येतात. पावसात त्या एकट्याच असतात त्या पुळणीवर.

आणि मी? मी जातो. अजून जातो. शेवटची खोली माझ्यासाठी झाडून ठेवलेली असते. खिडकीतून समुद्र दिसतो तो तसाच. वहिनी वाढतात, मी किती खाल्लं ते बघतात. विजय नाही, त्यामुळे आता नव्या पाहुण्यांना माझी थट्टा करून कोणी ओळख करून देत नाही. वहिनी मानानं सांगतात, हे सर आहेत, फार खरे आहेत.

यंदा मे महिन्यात परत येताना प्रणाली माझ्याबरोबर तरीत होती. आई पुन्हा नाही म्हणाली होती. ती काठाकडे पाठ करून बसली होती, कारण आई अजून पुळणीवर उभी होती. म्हणाली, सर, आई तुमचं ऐकते, तुम्ही तिला एकदा नीट समजावून सांगा ना. ते पाकळ्यांचं, पाण्याचं, तुम्ही शाळेत सांगायचात ते. मी आठवीत ऐकलंय तुमच्याकडून. मी म्हटलं, बोलून बघतो. मग ती खाली बघत, पाण्यात बोटं घालत म्हणाली,

“त्या दिवशी वारा असेल ना, सर? समुद्रकाठची जागा. वाऱ्यानंच पडली असेल.”

मी म्हणालो, “असेल.”

वारा नव्हता. घुमटीला खिडकी नाही. दार एकच आहे, आणि त्या दारात विजय उभा होता – हात जोडून, डोळे मिटून, सगळं दार अंगानं भरून.